धरमसिंगची राखण

बायकोवर जीव लावावा, पण किती लावावा, याचं माप धरमसिंग राठोडाला कोणी शिकवलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी त्याची रामीबाई अंगणात पाय घसरून पडली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणजे हाडं आतून पोकळ झालीत, असं पांढरकवड्याच्या डॉक्टर प्रेरणाबाईंनी सांगितलं. गोळ्या दिल्या, बरंच काही समजावलंही. पण धरमसिंगच्या कानात ‘पोकळ’ एवढंच शिरलं, बाकीचं बाहेरच राहिलं.

त्या दिवसापासून तांड्यावरच्या त्या घरात राखण सुरू झाली. सत्तरीचा हा गडी हरभऱ्यातल्या रानडुकरांसाठी जागला नसेल तेवढा बायकोसाठी जागला. पाणी तो भरी, झाडू तो मारी, भाकरी सून थापी. प्लास्टर निघालं तरी रामीबाई आपली खाटेवर. उन्हात निघाली की, “चक्कर येईन तुले.” दाराशी गेली की, “काहून उठली?” गोड चहा मात्र मागेल तेव्हा हातात. आधी तिलाही बरं वाटलं. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला असे लाड कडू कशाला लागतील? पण पुढं खाटेवरून उठताना तिचे पाय लटपटायला लागले, तशी ती मनातून घाबरली. त्यात होळी तोंडावर आली. होळीला तांड्यातल्या बाया फेर धरून नाचतात, आणि रामीबाईशिवाय तो फेर कधी झाला नव्हता.

“मी यंदा नाचणार हावो,” तिनं सांगितलं.

“नाचशीन अन् कंबर मोडून घेशीन. बस गुमान.”

“मंग जाळूनच टाका मले. खाटेवर बसून मेल्यावानीच हावो मी.”

बोलणं धरमसिंगला लागलं. त्या दिवशी तो धड जेवला नाही. सकाळी तिला घेऊन प्रेरणाबाईंकडे गेला, मनात हेच की बाईच हिला दटावतील.

बाईंनी दटावलं, पण त्यालाच. “आजोबा, हाडांवर भार पडला, माणूस चाललं-फिरलं, तरच हाडं टिकतात. तुम्ही आजींना बसवून ठेवलंत आणि उन्हाला पारखं केलंत. घरचं दूध जातं कुठं?”

“डेअरीत,” रामीबाईनं सांगून टाकलं. “उरलं तं पोराईले.”

“आता आधी यांच्या पेल्यात. दही, तीळ, शेवग्याचा पाला, डाळी पोटात जाऊ द्या. रोज चालणं, सकाळचं ऊन, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. अंगण तेवढं ओलं ठेवू नका. नाचायचं ना आजी? खुशाल नाचा, फक्त उड्या नकोत.”

धरमसिंगचं तोंड एवढंसं झालं. उठताना त्यानं कंबरेला हात लावला, ते बाईंनी पाहिलं. “पाठ कधीपासून दुखते?”

“म्हाताऱ्याचं दुखतेच.”

“यायचं धोतर दोन वर्सापासून जमिनीवर लोळते,” रामीबाई म्हणाली. “मले वाटे, दुकानदारानंच मोठं देल्लं.”

बाईंनी लगेच पाठीचा एक्स-रे काढायला लावला. मणका खचला होता. उंची कमी झाली होती ती म्हाताऱ्याची, धोतर होतं तेवढंच होतं. “पुरुषांचीही हाडं पोकळ होतात, आजोबा. तुम्ही स्वतःकडे कधी पाहिलंच नाही.”

परतताना ऑटोत रामीबाई त्याच्या लोळणाऱ्या धोतराकडेच पाहत राहिली. धरमसिंगनं तिला हसवायला म्हणून म्हटलं, “आता बसव मले खाटेवर, घे बदला.” तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुधाचे दोन पेले भरले. एक त्याला पाजला, एक आपण प्यायली, आणि ऊन अंगणात येताच त्याला बाहेर काढलं. तांड्यात नवरा पुढं चालतो, बायको मागून. रामीबाईनं सरळ त्याचा हात धरला. ओट्यावरच्या बाया पाहायला लागल्या.

“लोक हासतीन, रामी.”

“हासू द्या. मले एकटीले मजबूत हाडं कायले पायजे?”

धरमसिंगनं हात सोडवून घेतला नाही.