माशाल्लाह न लिहिणाऱ्यांची नावं

हाज्जा वगीदाने जुन्या वर्तमानपत्रातून कात्रीने बाहुली कापली, हात-पाय मोकळे केले आणि सुई घेतली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत तिने बाहुलीला दोनदा टोचलं. मग शेजारी बसलेल्या इनासच्या मांडीवर आपल्या लेकीचा फोन ठेवला.

"तू शिकलेली आहेस, तू वाच. कौतुक केलंय पण नजर लागू नये म्हणून माशाल्लाह लिहिलं नाही, अशांचीच नावं घे."

"मावशी, हजारो असतील."

"असू देत. कागद मोठा आहे."

सोफ्यावर वगीदाची लेक निस्मा गळ्याभोवती लोकरी रुमाल गुंडाळून बसली होती. पुढ्यात पेरूच्या पानांचा काढा निवत होता. तिचा आवाज पार बसला होता. डॉक्टर म्हणाला, घशाला सूज आहे, बोलू नका. वगीदाला ते पटत नव्हतं. मालिकेच्या करारावर सही करतानाचा व्हिडिओ पोरीने साऱ्या जगाला दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी घसा धरला, याला सूज म्हणतात होय?

इनास वरच्या मजल्यावर राहायची. चौकशीला आले, असं ती दारात म्हणाली होती, पण ते अर्धंच खरं होतं. थोड्या वेळापूर्वी त्या मालिकेचा सहायक दिग्दर्शक तामीम याचा तिला फोन आला होता. निस्माच्या घरचे धड सांगत नाहीत, तुम्ही जाऊन बघा, परवापर्यंत ती बोलेल का. नसेल बोलणार तर बेकरीवालीची भूमिका तुम्हीच करा, आधी तुम्हालाच तर देणार होतो.

रमजानमधली मालिका आणि रोजच्या भागात असणारी भूमिका. नाट्यसंस्थेतून पदवी घेतल्यापासून इनासने परिचारिका केल्या, शेजारणी केल्या, कुणाच्या तरी वारलेल्या बहिणी केल्या. बेकरीवालीला निदान नाव होतं. मग निर्मात्याने विचारलं, फॉलोअर किती? इनासचे चार हजार, त्यातले निम्मे नातेवाईक. निस्माचे अठरा लाख. आपल्या व्हिडिओंत निस्मा स्वयंपाकघरात आईशी कोबीच्या पानांवरून भांडायची आणि सगळा देश हसायचा. उजेडाकडे तोंड करून बस, पाठ करून बसू नकोस, हे तिला शिकवलं होतं इनासने. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. इनासच्या हातातोंडाशी आलेला घास गेला होता आणि जिन्यात भेटल्यावर तिला हसून अभिनंदन करावं लागलं होतं.

ती वाचू लागली. तांता शहरातल्या एका दंतवैद्याने 'चंद्राचा तुकडा' एवढंच लिहिलं होतं. वगीदाने त्याला टोचलं. इस्माइलियाच्या कुणा मुलीने तुझ्यासारखं नशीब मला मिळो म्हटलं होतं. तिला वगीदाने जरा खोलवर टोचलं. एका बाईने नुसती लाल हृदयं पाठवली होती.

"हृदयात माशाल्लाह येतं का गं?"

"नाही येत."

"मग टोचते."

निस्मा आवाज न करता हसायला लागली. तिने हाताने खूण केली, हे रेकॉर्ड करायला हवं. वगीदाने तिच्या हातावर चापटी मारली.

"मम्मा, पुरे आता," निस्मा म्हणाली.

आवाज फुटक्या माठासारखा होता, पण होता.  इनासने नजर फोनवरच ठेवली. तिथे काल कुणीतरी निस्माचा आवाज बसल्याचं लिहिलं होतं आणि खाली ती बरी व्हावी म्हणून दुवांची रांग लागली होती. हिचा आवाज गेला तरी लोक जीव टाकतात. आपण वीस वर्षं घसा फोडला, तेव्हा कुणी विचारलं नाही.

तिने बोट वर सरकवलं आणि तिचंच नाव समोर आलं. इनास अब्देलआल. 'सुरेख दिसतेस. नशीब काढलंस गं.'

पुढे माशाल्लाह नव्हतं. आधी तिने ते लिहिलं होतं. मग एकेक अक्षर पुसलं होतं आणि तेवढ्यानेच तिला किती बरं वाटलं होतं.

"थांबलीस का?" वगीदाने विचारलं.

"काही नाही. हिने लिहिलंय माशाल्लाह."

तिने पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. निस्माने पेला उचलला आणि काढ्यात बघत राहिली. बाहुलीची आता चाळण झाली होती. वगीदाने चिमट्याने शेगडीतला निखारा सारखा केला.

"संपली नावं?"

इनासच्या पिशवीत तिचा फोन थरथरू लागला. तामीमच असणार. तिने तो वाजू दिला.

"एक राहिलंय मावशी," ती म्हणाली. "माझं."

वगीदाने सुई उशीत खोवून ठेवली.

"तुझं केव्हाच झालं. तुझ्या हातात फोन द्यायच्या आधी."

"आधी?"

"पहिल्यांदा माझ्या नावाने टोचलं, मग तुझ्या. जवळच्यांची नजर आधी लागते."

"तुमची कशी लागेल? तुम्ही आई आहात."

"अठरा लाख लोक तिला नावाने ओळखतात," वगीदा म्हणाली. "मला बाजारात कोबीवाली म्हणून हाका मारतात. भांडणाची कल्पना माझी होती."

निस्माने चमकून आईकडे पाहिलं. वगीदाने बाहुली निखाऱ्यावर ठेवली.

फोन पुन्हा थरथरला. निस्मा बोलेल का, याला नाही म्हणायला एकच शब्द लागला असता, आणि इथे कुणी तिला अडवलंही नसतं. इनासने फोन कानाला लावला.

"बोलतेय ती," इनास म्हणाली. "आवाज घोगरा आहे, पण बोलतेय. परवा येईल."

तामीम काहीतरी आभाराचं बोलला. तिने पुरतं ऐकलं नाही. पोटात जळत होतं ते जळतच होतं, आणि बेकरीवाली आता कायमची गेली होती.

वगीदाने राख बोटावर घेतली आणि लेकीच्या कपाळाला लावली. उरलेली स्वतःच्या कपाळाला पुसली. मग पुन्हा बोट राखेत बुडवलं आणि इनासकडे वळली.

"ये गं इकडे."

इनासने केस मागे घेतले आणि कपाळ पुढे केलं.