होयादाचा मुका भोंगा

“भोंगा कुठे वाजलाय अजून, पोरी?” सेवेरिनोने फोनवर विचारलं.

“ते राहू दे, पापा. आधी द्राक्षांवर जाळ्या ओढा. गारा येताहेत.”

“मशीन म्हणतंय?”

“मी म्हणतेय! खिडकीतून दिसतोय, हिरवट काळा ढग तुमच्याच अंगावर चाललाय.”

म्हातारा हसला. दुपारची झोप नुकतीच झालेली, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला. “खिडकीतून तर तुझी आजीपण सांगायची. मशीन बोललं की उठतो.”

ग्रिसेल्डाने कपाळाला हात लावला. मेंडोसा शहरातल्या ज्या रडार केंद्रातून ती बोलत होती, तिथलं गारा ओळखायचं गणित तिनेच बसवलेलं. साध्या कॉम्प्युटरचं उत्तर येईतो गारा वितळून त्यात बदकं पोहायला लागायची. मग तिने तेच गणित अशा चिपवर उतरवलं, जिच्या आतल्या जोडण्या हव्या तशा बांधता येतात. एकेका खोऱ्याला एकेक कोपरा, आणि सगळे कोपरे एकदम कामाला. ढगाला शिंक यायच्या आत गावात भोंगा! सेवेरिनो तर होयादा गावभर सांगत सुटलेला, माझ्या लेकीच्या चिपला गार जन्मायच्या आधीच तिचं नाव कळतं.

पण चिप भरली. एक खोरं काही मावेना. “सगळ्यात कमी वेली कुठे?” साहेबांनी विचारलं. ग्रिसेल्डाने खाली मान घालून होयादाचं नाव घेतलं. ते तिचं गाव, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. गावाला तर काहीच ठाऊक नव्हतं.

“पापा, आपल्याकडे भोंगा वाजणारच नाही. चिपमध्ये जागा नव्हती. मीच आपलं खोरं काढलं.”

पलीकडे पेला टेकल्याचा आवाज झाला.

“आणि मी येडा दर रविवारी त्या भोंग्याला तेल पाजतोय.”

“पापा...”

“मग आत्ता बांध की जोडण्या! हव्या तशा बांधता येतात ना?”

“त्यासाठी चिप बंद करावी लागेल, तोवर सगळ्यांचेच भोंगे मुके होतील. ढग त्यांच्यावरही आहे.”

फोन तसाच चालू टाकून म्हातारा उठला. दार आपटलं. मग लांबून त्याने शेजाऱ्यांना घातलेली हाक आली, “ए रामोना! फेर्मिन! जाळ्या ओढा रे! भोंग्याची वायर उंदरांनी खाल्ली! माझ्या लेकीने तिथूनच गारा ओळखल्या!”

“एवढी जाड वायर? केवढे उंदीर ते?” कुणीतरी बाई ओरडली.

“बोकडाएवढे! पळ आधी!”

पलीकडे पत्र्यावर ताडकन काहीतरी पडलं. मग आणखी. ग्रिसेल्डा फोन कानाशी घट्ट धरून बसली. म्हातारा अजून ओरडत होता, पण आता गारांच्या आवाजात शब्द कळत नव्हते.