चाळीस बाटल्यांचा एकच फेस

वेंदेलीनने खिडकीतला साखरेच्या वड्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि तो बायकोच्या, हेडविकाच्या, हातात परत दिला. मग गार झालेला साखरेचा पाक त्याने धुऊन-पुसून ठेवलेल्या रिकाम्या पिंपात ओतला. एकशे तीस ग्रॅम साखर, दोन पेले पाणी. पिंपाच्या तळाशी तो असा दिसत होता की कोणी पाणी सांडून पुसायला विसरलंय.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. चार वर्षांपूर्वीही एवढंच होतं."

हेडविकाने हा उपाय चार वर्षांपूर्वी सांगितला होता. वेंदेलीनने तो पाचव्या वर्षी ऐकला. रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला लोकांना ताटकळत ठेवायची सवय असते, त्यात मनाचं वाईट काही नसतं.

लिपोव्का गावात घरी बिअर करणारा प्रत्येक जण बाटलीत साखरेची एक वडी टाकतो. बाटली बंद झाली की बिअरमधलं यीस्ट ती साखर खातं आणि त्यातून फेस तयार होतो. अर्ध्या लिटरला एक वडी, हे प्रमाण आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. त्यातून, जगातली पहिली साखरेची वडी जिथे पाडली गेली ते दाचित्से इथून सायकलने अर्ध्या तासावर. तेव्हा वडी सोडून सुट्या साखरेला हात लावणं म्हणजे परगण्याशी बेइमानी.

पद्धत चोख होती. खोट एकच होती. वेंदेलीन बाटल्या अंगणात भरायचा, आणि अंगण रस्त्याला लागून होतं. लिपोव्कात कोणी नमस्कार केला आणि आपण उत्तर दिलं नाही, तर ते चोरीच्या वरचं आणि खुनाच्या जरा खालचं पाप. उत्तरासाठी मान वळवली की हातातली वडी अकराव्या बाटलीत गेली की बाराव्या, ते देवालाच ठाऊक. काच तपकिरी, आत बिअर. डोकावून काही कळायची सोय नाही. मग एका बाटलीला दोन वड्या, एकीला शून्य. एक कारंजं, एक डबक्याचं पाणी.

आणि दरवर्षी नेमका बाटल्या भरायच्याच दिवशी, दहाच्या ठोक्याला, शेजारचा रॉस्त्या यायचा. रॉस्त्या निवृत्त पोस्टमन. वाटायला पत्रं उरली नव्हती म्हणून तो आता बातम्या वाटत असे. कुंपणावर कोपर टेकायचा आणि शाळामास्तरांच्या कोंबड्याने आपला गुडघा कसा फोडला ती हकीकत सुरू करायचा. तो स्वतः मात्र आपल्या बाटल्या तळघरात, दाराला आतून कडी लावून भरायचा. अग्निशमन दलाच्या वार्षिक जत्रेतली बिअरची स्पर्धा गेली चार वर्षं तोच जिंकत होता.

त्या स्पर्धेचा नियम साधा. प्रत्येकाने वीस बाटल्यांचा एक क्रेट आणायचा. दलाचे प्रमुख हालूझा त्यातून मनाला येतील त्या तीन बाटल्या काढणार, आणि तिन्ही सारख्या निघाल्या पाहिजेत. गेल्या वर्षी वेंदेलीनची पहिली बाटली मेलेली निघाली, दुसरी बरी होती, आणि तिसरीने दलाच्या शतकापूर्वीच्या निशाणावरच्या संत फ्लोरियानला नखशिखान्त भिजवलं. फ्लोरियान आगीपासून गावाचं रक्षण करतो. बिअरपासून त्याचं रक्षण करणारा संत अजून व्हायचाय. निशाण दोनदा धुतलं, तरी संताच्या दाढीवर डाग राहिलाच. हालूझा काही वेडंवाकडं बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, "वेंदेलीन, पुढचं वर्ष शेवटचं." शेवटचं म्हणजे शेवटचं. त्यानंतर त्याचा क्रेट दारातूनच परत जाणार होता.

त्या हिवाळ्यात हेडविकाने तेच पुन्हा सांगितलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. "दोनशे पोरांच्या कपात एकेक वडी टाकत बसले असते, तर तोवर पहिल्या पोराला दाढी आली असती. साखर आधी पातेल्यात, चहा वरून. आपला आपण मिसळतो."

आता वेंदेलीनने रबरी नळीचं टोक पिंपाच्या तळाशी वळसा घालून ठेवलं आणि दुसऱ्या पिंपातली तयार बिअर त्यातून सोडली. ती पाकावरून गोल फिरत, आवाज न करता वर चढू लागली. शिंतोडे उडवायचे नव्हते; हवा मिसळली की चव बिघडते. पिंप भरल्यावर त्याने लांब लाकडी पळी तीनदा हळूच फिरवली, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तशी.

दहा वाजले. कुंपणावर कोपर आलं.

"काय वेंदा, बाटल्या का?"

"बाटल्या," वेंदेलीन म्हणाला, आणि त्याने स्टूल पुढे केलं. "बस. गुडघा काय म्हणतोय?"

रॉस्त्याला आजवर कोणी स्टूल दिलं नव्हतं. तो बिचकत बसला. बोलत बोलत कोंबड्यापाशी आला. वेंदेलीन बाटली भरत होता, पत्र्याचं टोपण दाबत होता आणि मधूनमधून विचारत होता, कोंबडा कुठल्या बाजूने आला, मास्तर तेव्हा कुठे होते. त्याने हवामानाची चौकशी केली. रॉस्त्याच्या सुनेची केली. रस्त्यावरून गेलेल्या सात जणांना त्याने नावानिशी नमस्कार केला, एकीला तर उठून. चाळीसावं टोपण दाबलं तेव्हा रॉस्त्याचा घसा बसला होता.

"वड्या कुठायत रे?" शेवटी त्याने विचारलं.

"घरात. चहाला लागतात."

बाटल्या पंधरा दिवस चुलीच्या खोलीत आणि मग तीन आठवडे तळघरात राहिल्या. मे महिन्यातल्या जत्रेच्या दिवशी वेंदेलीनचा क्रेट दलाच्या हॉलमधल्या टेबलावर आला, तेव्हा आसपासच्या खुर्च्या मागे सरकल्या. शाळेच्या मास्तरीणबाईंनी छत्री उघडली. निशाण आधीच दुसऱ्या भिंतीला हलवलं होतं.

हालूझांनी कोपऱ्यातली बाटली काढली. फस्स. पेल्यात दोन बोटं फेस. मग मधली. फस्स. दोन बोटं. मग बराच वेळ क्रेटवर हात फिरवून, सगळ्यात संशयास्पद वाटली ती. फस्स. दोन बोटं.

 हालूझांनी नियम मोडून चौथी उघडली. मग पाचवी. आठवीनंतर लोक आपापले पेले घेऊन उभे राहिले. बाराव्या बाटलीला मास्तरीणबाईंनी छत्री मिटली. विसावी उघडली तेव्हा वीस पेले रांगेत होते, आणि त्यांच्या फेसावरून पट्टी ठेवली असती तर ती हलली नसती. दोन म्हाताऱ्यांनी निशाण भिंतीवरून काढलं आणि मूळ जागी आणून लावलं.

हालूझांनी विसाव्या पेल्यातून घोट घेतला आणि हे कसं साधलं म्हणून विचारलं.

"शाळेतला चहा," वेंदेलीन म्हणाला आणि त्याने हेडविकाकडे बोट दाखवलं.

हालूझांनी पेल्यात परत एकदा पाहिलं. ते त्याच शाळेत शिकले होते. मग त्यांनी टोपी काढली, आणि पहिला मानाचा पेला वेंदेलीनला वळसा घालून हेडविकाकडे गेला. तिने तो अर्धा रिकामा केला आणि ओठांवरचा फेस पुसत म्हणाली, "जमलाय."

रॉस्त्या दुसरा आला होता. थोड्या वेळाने तो आपला पेला घेऊन वेंदेलीनच्या बाकावर येऊन बसला.

"पहिल्या वर्षी मी खरंच गुडघ्याचं सांगायला आलो होतो," तो पेल्याकडे बघत म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर तू ओठ हलवत मोजताना दिसलास."

वेंदेलीनने मान डोलावली. "फाटकावर तीस वर्षं होतो, रॉस्त्या. दरवर्षी बरोबर दहाला काय येतं, ते कळतं मला."

"ठाऊक होतं? मग हाकललं का नाहीस?"

वेंदेलीनने पेल्यातला फेस फुंकला.

"दरवर्षी बाराव्या बाटलीपाशी माझी मोजणी चुकायची, आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. कोंबड्याचं शेवटी काय झालं, ते या वर्षी कळलं."

"सूप," रॉस्त्या म्हणाला.

"सूप. आणि तुलाच जेवायला बोलावलं."

 मग रॉस्त्याने बोटाने बाकावर रेघ ओढत विचारलं की आता पुढच्या वर्षी येऊन तरी काय करायचं. वेंदेलीनने सांगितलं, मार्चचा शेवटचा शनिवार, दहा वाजता, स्टूल बाहेरच असेल.

"आणि तू कधी भरतोस?" त्याने विचारलं.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी. तळघरात."

"कडी काढून ठेव. माझा खांदा दुखतोय हल्ली, त्याची सगळी हकीकत सांगायचीय."

रॉस्त्याने पेला उचलला. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही गावाची रीत. दोघांनी बघितलं, आणि आधी नजर कोणीच हटवेना.