मनगट खाली, मनगट वर

"एकशे ब्याऐंशी!"

मदतनीस बाईंनी यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि लिल्याकोवो गावच्या वाचनालयाचं सभागृह हळहळलं. बुटक्या स्टुलावर रादा काकू बसल्या होत्या. मनगटाला यंत्र बांधलेलं, हात जमिनीकडे लोंबत सोडलेला.

"सैल सोडा, काकू. भार मातीत उतरू द्या," पांतेलेय आजोबा पांढरी दाढी कुरवाळत म्हणाले. "रक्त म्हणजे वाट चुकलेलं पाणी. मी काहीच करत नाही, फक्त त्याला घरचा रस्ता दाखवतो."

मग काकूंना बाकावर निजवलं. छातीवर तांब्याचा वाडगा ठेवला, हात सरळ छताकडे उभा धरायला लावला. आजोबांनी वाडग्यावर तीन टिचक्या मारल्या, ओठातल्या ओठात काही पुटपुटले. दहा मिनिटांनी, हात तसाच वर असताना, बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

"एकशे अठरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. काकूंनी डोळे पुसत पर्समधल्या गोळ्या काढल्या आणि मंचावरच्या मोठ्या काचेच्या बरणीत टाकल्या. त्या बरणीला आजोबा विषाची बरणी म्हणत.

"बघितलंस?" त्सोंकाने शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला, यावोरला, कोपराने ढोसलं. "यंत्र खोटं बोलतं का?"

यावोर यंत्राकडेच बघत होता. वय सत्तावीस, नोकरी गावच्या पाणीपुरवठ्यात, पाण्याचा दाब मोजण्याची. तीन महिन्यांपूर्वी तपासणीत त्याचं बीपी एकशे पासष्ट निघालं. डॉक्टर कोस्तोव्हा बाईंनी आठवडाभर घरी मोजायला लावलं, रक्त-लघवी तपासली आणि सांगितलं, "मीठ कमी, चालणं जास्त, आणि रोज एक गोळी." तेव्हापासून जो तो त्याला शिकवत होता. कामावरचा गेंचो हसायचा, "दाब मोजणाऱ्यालाच दाब!" आई म्हणायची, "या वयात कुठे बीपी असतं? टेन्शन घेतोस तू." आणि तेच म्हणत खारवलेल्या काकड्यांची बशी त्याच्यापुढे सरकवायची. त्याचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी झटक्याने गेले, तेही तिच्या मते कामाच्या दगदगीने.

खरा वैताग वेगळाच होता. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, आणि तरी आयुष्यभर गोळी! भांडायचं तरी कुणाशी?

म्हणून त्या दिवशी तोही स्टुलावर बसला. एकशे एक्क्याऐंशीचे एकशे सोळा झाले. त्याच्या गोळ्याही बरणीत गेल्या.

पाच आठवडे तो मजेत होता. मग एका सकाळी टाकीच्या शिडीवर त्याच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. गेंचोने त्याला कमरेला धरून खाली उतरवलं आणि तडक दवाखान्यात नेलं. एकशे ब्याण्णव.

"गोळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"टाकून दिल्या," यावोर म्हणाला.

"तुझ्यावर ओरडून मला माझं बीपी वाढवायचं नाही," त्या दात आवळून म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी तुला इथे चालत येता येईलच असं नाही."

आठवडाभराने तो कामावर परतला तो स्वतःवरच चिडून. पंपघरात उभ्या पाइपावर दोन दाबमापकं होती, एक जमिनीलगत, दुसरं तीन मीटर वर. पाइप तोच, पाणी तेच. पण खालच्यावर चार, वरच्यावर तीन पूर्णांक सात. वर्षानुवर्षं तो हे आकडे वहीत लिहीत आला होता. आज तो त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने स्वतःचं मनगट खाली सोडलं, वर नेलं, आणि इतकी कचकचीत शिवी हासडली की गेंचो दचकला.

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं होतं. यावोर सरळ मंचावर चढला.

"आजोबा, वाडगा राहू द्या. मंत्रही राहू द्या. फक्त तुमचं यंत्र द्या."

"शक्तीची परीक्षा घ्यायला आलास, बाळा?"

"नाही, यंत्राची."

"खाली ये, मेल्या! लाज काढलीस!" म्हणत त्सोंकाच तरातरा मंचावर आली.

"आई, तुझाच हात दे."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? ती बसली. पाच मिनिटं त्याने तिला गप्प बसवलं. मग मनगट खाली लोंबत ठेवून मोजलं, एकशे शहात्तर. मनगट डोक्याच्या वर धरून मोजलं, एकशे अठ्ठावीस. शेवटी टेबलावर उशी ठेवून हात छातीच्या उंचीवर आणला आणि पुन्हा बटण दाबलं. एकशे बावन्न.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी आकडा बघायला माना उंचावल्या.

"टिचकी मारली का मी? पुटपुटलो?" यावोरचा आवाज चढला. "पाइपात खाली दाब जास्त, वर कमी. हातातल्या रक्ताचंही तेच! हे आधी मनगट खाली ठेवून मोजतात, नंतर वर धरून. आजार तिथल्या तिथेच, हलतो फक्त हात!"

"नास्तिकाच्या हातात यंत्रसुद्धा बिघडतं," आजोबा म्हणाले.

"मग तुमचं मनगट द्या."

आजोबांनी बाही खाली ओढली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पण मला बरं वाटतंय रे!" रादा काकू कळवळून म्हणाल्या.

"मलाही वाटत होतं, काकू. शिडीवर डोळ्यांपुढे धूसर होईपर्यंत वाटत होतं. या रोगात बरंच वाटतं, तेच तर वाईट आहे! वाटण्यावर जाऊ नका. घरी मोजा, नीट बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून. रोज लिहून ठेवा. गोळी नको असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांशी भांडा, त्या उत्तर तरी देतील. चमत्कार दिसला की टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, दोन्ही वेळा सगळं सारखं होतं का?"

निम्मी माणसं उठली. निम्मी बसूनच राहिली आणि बाईंनी पुढचं नाव पुकारलं. यावोरला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

बाहेर पायऱ्यांवर आई थांबली होती. त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं, "म्हणजे माझं खरं एकशे बावन्न?"

"हो. पण एकदा मोजून ठरत नाही."

तिने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.

"तुझी ती डॉक्टरीण सकाळी किती वाजता बसते?"

"साडेसातला."

"सोमवारी सातला उठव मला," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.