एकसष्टावा फॉर्म

लॅपटॉपवर उत्तरं भरता भरता एकसष्टावा फॉर्म उघडला तेव्हा आकांक्षा कंटाळली होती. माटुंग्याच्या कॉलेजात ती मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या मुलामुलींना लैंगिक आरोग्याबद्दल काय माहीत असतं, हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. तिच्याच वर्गात वाटलेले वीस प्रश्न, नाव लिहायचं नाही, फॉर्म घडी करून खोक्यात टाकायचा. निम्म्यांना वाटत होतं, समोरचा दिसायला निरोगी असला की काळजी नाही. तिघं सगळीकडे 'हो' लिहून मोकळे झाले होते.

या फॉर्मवर मात्र शेवटच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोन महिन्यांपूर्वी खाली फोड आला होता. दुखत नव्हता. आपोआप गेला. आता अंगावर पुरळ आहे. कोणाला सांगू?'

तिनं लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं लक्ष लागेना. कोण पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलंय, कोण गप्प आहे, हेच ती बघत बसली. ग्रंथालयातल्या सहीच्या वहीत अक्षर जुळतंय का, तेही तिनं पाहिलं. दोन पानं उलटल्यावर तिची तिलाच लाज वाटली. नाव कळणार नाही असा शब्द तिनंच दिला होता.

प्रोजेक्ट बघणाऱ्या सीमा मॅडमना तिनं फॉर्म दाखवला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की टक्केवारी काढ, एकेकाच्या भानगडीत पडू नकोस, उद्या पालक येऊन उभे राहतील.

शुक्रवारी लेक्चर बुडवून ती परळच्या सरकारी हॉस्पिटलात गेली. 'त्वचा व गुप्तरोग' अशी पाटी होती. त्या पाटीखाली थांबायला तिला जमेना. दोनदा ती पाण्याच्या नळापर्यंत जाऊन परत आली. शेवटी आत गेली तेव्हा समुपदेशक वैशालीताईंनी कागद पुढे ओढला आणि त्रास कधीपासून आहे, असं विचारलं. त्रास आपल्याला नाही, वर्गातल्या कोणालातरी आहे, असं आकांक्षा म्हणाली. असं सांगणारे रोज येत असावेत. ताईंनी नुसती मान हलवली. मग समजावून सांगितलं. न दुखणारा फोड आपोआप गेला म्हणजे आजार गेला असं नाही, तो रक्तात राहू शकतो. रक्त तपासायचं. वेळेत आलं तर औषधानं बरं होतं. जोडीदारानंही यायचं.

बाहेर पडताना समोर मालनकाकू. लालबागला आकांक्षाच्याच चाळीत राहणारी, इथे आयाचं काम करणारी. काकूनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

शनिवारी मॅडम यायच्या आधी आकांक्षा वर्गापुढे उभी राहिली. फॉर्मबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. कुठे जायचं, कितव्या मजल्यावर, किती वाजता, काय तपासतात, एवढंच सांगितलं. मागून कोणीतरी खिदळलं. स्वप्नील म्हणाला, "तुला बरं एवढं माहीत?"

"मी जाऊन आले."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. प्रोजेक्टसाठी गेले होते, हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, एवढं काय अडलं होतं? आणि या साठ-सत्तर चेहऱ्यांतला एक कोणीतरी खाली बघू लागला असता. ती जागेवर जाऊन बसली. तिच्या शेजारची मुलगी दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली.

पुढचे दहा दिवस तिचा पाय कुठेच ठरेना. न राहवून तिनं वैशालीताईंना फोन केला, आमच्या कॉलेजमधलं कोणी आलं का म्हणून.

"आलं असलं तरी तुला सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "तू आली होतीस हेही मी कोणाला सांगितलेलं नाही."

ते मालनकाकूनं आईला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी आई, कालिंदी, मसाल्याच्या दुकानातून आली ती हातपायही न धुता तिच्यासमोर बसली. केसांवर हळदीची भुकटी तशीच.

"खरा सांग, तुका काय झाला?"

"मला काही झालेलं नाही, आई. दुसऱ्या कोणासाठी गेले होते."

"कोणासाठी?"

"ते मलाही माहीत नाही."

आता आई ओरडेल, अशी तिची खात्री होती. कालिंदीनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग उठून तिनं गॅलरीकडचं दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"थंय बाई डॉक्टर आसता?"

आकांक्षाला आधी कळलंच नाही. आई जमिनीकडे बघत हळू आवाजात सांगायला लागली. अंगावरून पांढरं जातं, खाज येते, दोन वर्षं झाली. दुकानात दिवसभर उभं राहणं नको झालं होतं. हे मालनला विचारायचं तर सगळ्या चाळीला कळणार.

"असते," आकांक्षा म्हणाली. "सोमवारी आपण दोघी जाऊ."

"मालन बघतली."

"बघू दे."

सोमवारी सकाळी सात वाजता कालिंदी घडीची साडी नेसून दाराशी उभी होती, आणि आकांक्षाला लवकर आटप म्हणून दोनदा ओरडली.