हळद लावलेली दोरी

“आता हे सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाबी इश्वास बसणार न्हाय,” बलभीमतात्यानं बशीतला चहा फुंकला आणि नेहमीसारखं आजूबाजूला कोण कोण आहे ते बघून घेतलं. “म्या हितं तामलवाडीत बसून उमरग्याच्या पल्याडचा रेडिओ दुरुस्त केला. हात न लावता. नुसत्या फोटोवर!”

“न्हायच बसला इश्वास. पुढं बोला,” गल्ल्यावरून बसवराज म्हणाला. हॉटेल त्याचं. चहाचे पैसे तो तात्याकडून घेई, थापा मात्र त्याला फुकट मिळत.

तात्याच्या शेजारी व्यंकट बसला होता. तात्या एसटीत कंडक्टर आणि व्यंकट त्याच गाडीचा ड्रायव्हर. दोघं एकदमच रिटायर झाले. गाडी सुटली, जोडी सुटली नाही. तात्या सांगायचा, व्यंकट मधूनच “हं” करायचा. त्याचा हं म्हणजे हॉर्नच. पुढं काहीतरी आडवं आलंय एवढं कळायचं.

“चन्नम्मा म्हणून पोरगी हाय. तिचा बाप अप्पा, नजर गेलेला माणूस. बटन पिरगळून हातानंच स्टेशन वळखायचा. बटनावरनं स्टेशनचा काटा सरकवणारी दोरी तुटली आन म्हातारा जेवंना, बोलंना. म्या फोटो टाकला, पोरीनं तो बघून दोरी वढली, आन रेडिओ असा लागला, असा लागला, की अप्पा म्हणले, उद्याच्या बातम्या आजच ऐकू यायल्यात!”

हॉटेल हसलं. तात्याही हसला. पण खिशातला फोन सकाळपासून छातीला टोचत होता, तो काही हसल्यानं टोचायचा थांबला नाही.

चन्नम्मा खरी होती. अप्पा खरे होते. फोटोही खराच होता, आणि सगळी रड तिथंच होती.

जुन्या रेडिओंचा नाद असलेल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तुळजापूरच्या निवृत्त शिक्षिका शामलाबाई तो चालवायच्या. त्यांचा नियम कडक: फोटो उजेडात, सरळ समोरून काढलेला, आणि जोडीला कागदावर बाण घालून काढलेली आकृती. तात्याच्या फोटोत मात्र रेडिओ कमी आणि तात्या जास्त. एकदा बाईंनी लिहिलं, “बलभीमराव, चेहरा छान आहे, पण आम्हाला तो दुरुस्त करायचा नाही.” ग्रुपनं दात काढले. ते तात्याला फार लागलं.

मग चन्नम्मानं विचारलं, स्टेशन लागलं की उजळणाऱ्या हिरव्या डोळ्याच्या, लाकडी पेटीच्या रेडिओतली दोरी कुठून कशी फिरते, कुणी दाखवील का? तसला रेडिओ, मूळच्या दोरीसकट, ग्रुपमध्ये एकट्या तात्याकडं होता.

तात्यानं जीव ओतला. रेडिओ अंगणात काढला, पाठीचा पुठ्ठा उघडला, ब्रशानं धूळ झाडली. काळ्या यंत्रात मळकी दोरी दिसेना, म्हणून हळद कालवून काडीनं दोरीला लावली. बायको गिरिजाबाई चुलीपुढून ओरडली, “रेडिओचं लगीन लावायलात का काय?”

पिवळी दोरी कशी झळकली! आणि मग तात्याला वाटलं, एवढं केलं ते कुणी केलं, हे दिसायला नको? त्यानं फोन फिरवून स्वतःकडं बघणारा कॅमेरा लावला. मागं उघडा रेडिओ, मधल्या चाकावर डाव्या हाताचं बोट आणि पुढं हसरा तात्या. आकृती त्यानं संध्याकाळी बाजेवर पडून काढली, फोटोत बघून. झाकलेला रेडिओ पुन्हा कोण उघडणार?

तात्याचा तो कॅमेरा आरशासारखा होता. डावं ते उजवं करायचा. दोन टोकांना दोरी फिरवणाऱ्या दोन सारख्या छोट्या गरगऱ्या, मधोमध मोठं चाक. त्यामुळं बघणाऱ्याला संशय यायचं कारण नव्हतं. दोरीचा वेढा तेवढा उलटा पडला होता. आकृतीची साक्ष फोटोशी तंतोतंत जुळत होती.

“असा फोटो आणि अशी आकृती या ग्रुपवर आजवर आली नाही,” असं लिहून शामलाबाईंनी ती दोन्ही ग्रुपवर सगळ्या निरोपांच्या वर कायमची लावून टाकली. तात्यानं ते वाक्य साऱ्या गावाला दाखवलं.

आठवड्यानं चन्नम्माचा निरोप आला. “काका, दोरी घातली, पण काटा उलटा चालतोय. अप्पांनी सवयीनं बटन जोरात पिरगळलं आणि मधलं चाक तडकलं. फोटो तर किती स्वच्छ आहे. माझ्याच हातून चुकलं असणार.”

तात्यानं रेडिओ उघडला. फोन शेजारी धरला. दोरी एकीकडं जात होती, फोटो दुसरीकडं. पुठ्ठा मांडीवर ठेवून त्यानं फोन हातात घेतला. खरं लिहायला घ्यायचा आणि पुसायचा. वर शामलाबाईंचं वाक्य दिसत होतं. शेवटी त्यानं लिहिलं, “होतं असं. हात बसायला वेळ लागतो.”

चन्नम्मानं खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते हात तात्याला जेवताना दिसत, देवापुढं दिसत. तेव्हापासून तो हॉटेलात बसून थापांमधेच तो रेडिओ दुरुस्त करू लागला. रोज पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचा, आणि रोज तो रेडिओ आणखी गोड वाजायचा.

आणि आज सकाळी पुन्हा: “काका, एका भंगारवाल्याकडं तसलं चाक मिळालं, एकच. आज तुमच्याच फोटोवरून दोरी घालते. अप्पा शेजारीच बसून आहेत. फोटो बरोबर आहे ना, एकदा सांगा.”

तात्यानं ते वाचलं आणि उत्तर न देता हॉटेल गाठलं.

“उद्याच्या बातम्या म्हणं,” बसवराज म्हणाला. “पुरावा काय, तात्या?”

“हा घे पुरावा!” तात्यानं फोटो उघडून फोन पुढं केला. फोन या हातातून त्या हातात फिरत व्यंकटकडं आला. व्यंकटनं चष्मा चढवला.

“हं.”

“काय हं?”

“ह्या फोटोतला तू मला लई वळखीचा वाटायलास. शेजारी बसलेल्यापेक्षा जास्त.”

“म्हंजी?”

“स्टिअरिंगवरून वर आरशात बघायचो म्या तुला, जलमभर. तिथं असाच दिसायचास. भांग ह्याच बाजूला, घड्याळ ह्याच हातात.” व्यंकटनं तात्याचं मनगट धरून फोटोशेजारी आणलं. “हे बघ की. घड्याळ तुझ्या डाव्या हातात, आन फोटोत उजव्या. आरशातला फोटो हाय हा. मग दोरीबी आरशातलीच की रं!”

तेवढ्यात व्यंकटच्या हातातला फोन वाजला. त्यानं डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, “काका, दोरी हातात घेतली आहे. तुमच्या उत्तराची वाट बघते.”

तात्यानं फोन घ्यायला हात पुढं केला. व्यंकटनं तो लगेच दिला नाही.

“खोटं बोलायलास तू, बल्या. दोरी अजून पोरीच्या हातातच हाय, त्या म्हाताऱ्याचा रेडिओ वाजलाच न्हाय.”