काउंट घरी गेला का

दर रविवारी फोनवर बाबा आधी माझी नाही, काउंटची चौकशी करायचे.

"काय करून राहिला बे तुझा काउंट?"

काउंट म्हणजे फेलिम मॅकार्डल. तीनशे वर्षांपूर्वीचा आयरिश जहागीरदार. लंडनच्या हाउन्सलो भागात, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये त्याच्यावरचं जाडजूड पुस्तक मिळालं होतं मला. इंग्रजांनी जहागीर घेतली, हा बोटीत बसून पळाला. आधी फ्रान्सच्या राजाकडे साधा शिपाई. मग ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे घोडदळात, तुर्कांशी लढत लढत सेनापती. मी एअरपोर्टजवळच्या वेअरहाउसमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचो. ब्रेकमध्ये वाचायचं आणि रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला बाबांना सांगायचं.

बाबांना मिलिटरीत जायचं होतं. तळपाय सपाट म्हणून घेतलं नाही. वीज बोर्डात आयुष्य गेलं. बेलग्रेडची लढाई धुक्यात झाली, ती त्यांनी परत परत सांगायला लावली.

"पण दिसत नसताना घोडे हाकले कसे?"

"आवाजावर, बाबा."

"वा!"

पुढे काउंट व्हिएन्नाच्या दरबारात मंत्री झाला, मग एका प्रांताचा सुभेदार. ते बाबांना आवडलं नाही. "खुर्चीत बसलं की माणूस संपते. घरी कधी गेला ते सांग."

"वाचतोय अजून."

वाचून झालं होतं. लंडनहून माफी आली होती, ये, अर्धी जहागीर परत घे. तो म्हणाला, एवढी मोहीम होऊ दे. मग, एवढा तह होऊ दे. मग, हा हिवाळा जाऊ दे. व्हिएन्नातच मेला. अंत्ययात्रा म्हणे फार मोठी निघाली.

हे सांगवेना. कारण तेव्हा बाबांच्या किडन्या गेल्या होत्या आणि माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेला होता. परत मागितला असता तर मिळाला असता, पण मग अर्ज रद्द. बाबाच म्हणाले, "होऊ दे तुझं काम. मी कुठं पळून राहिलो?"

मी नाही मागितला.

सप्टेंबरमध्ये बाबा गेले. अग्नी चुलतभावाने, माधवने दिला.

दहाव्याला सकाळी मी वेअरहाउसच्या कार पार्कमध्ये उभा. घाटावरून बहिणीचा, अक्षयाचा फोन.

"दादा, कावळा शिवत नाहीये. आईला सांभाळू म्हटलं, माझ्या लग्नाचं म्हटलं, माधवदादाने सगळं बोलून पाहिलं. तुझंच काहीतरी राहिलंय. पिंडाजवळ फोन धरते, बोल."

"बाबा, मी येतो. व्हिसा झाला की लगेच येतो."

मागे नुसती काव काव.

"नाही रे दादा. लांबच बसलेत."

"बाबा, काउंट घरी गेला हो. सगळं गाव आलं होतं त्याला बघायला."

"दादा, काय बोलतोयस?"

"फोन तसाच धर." मग परत बाबांना, "खोटं बोललो, बाबा. नाही गेला तो. बोलावलं होतं, रस्ता मोकळा होता, तरी नाही गेला. कामं काढत बसला. मी पण पासपोर्ट मागू शकत होतो. नाही मागितला, बाबा."

बराच वेळ काही नाही. मग गुरुजी काहीतरी पुटपुटले आणि अक्षया ओरडली, "शिवला, दादा! शिवला!"

मी तिथेच खाली बसलो. एका पोलिश ड्रायव्हरने काही न विचारता सिगरेट पुढे केली.

त्या एका शब्दावर मी तीन महिने काढले. बाबांनी ऐकलं. खरं सांगितलं म्हणून ऐकलं.

डिसेंबरमध्ये व्हिसा आला, घरी गेलो. जेवताना मीच विषय काढला. "आई, शेवटी माझं बोलणं ऐकून आला ना कावळा?"

आईचा वाढता हात थांबला.

"कोण म्हणालं? नाही आला रे तो. ऊन चढलं, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

अक्षया ताटावरून उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर भाताचा घास ठेवला आणि बेलग्रेडची लढाई पहिल्यापासून सांगितली. धुकं, घोडे, आवाज, सगळं. कावळे समोरच्या वायरवर होते. एकही उतरला नाही.

परतीचं तिकीट रविवारचं होतं.